'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की पोरं गप्प का होतात

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतली पोरं इंटरव्ह्यूच्या आधी माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो, मॅडम स्वतःचा स्वभाव इंग्लिशमध्ये सांगायला शब्दच कमी पडतात. पण बीएस्सी अ‍ॅग्री झालेली एक मुलगी वडिलांसोबत आली (ओळखीचे तपशील बदललेत), तिची वही अशा शब्दांनी भरलेली, डिलिजंट, ऑप्टिमिस्टिक, व्हर्सटाइल, सगळे अर्थासकट पाठ, आणि तरी मुलाखतीत गप्प बसून आलेली. "शब्द तं पाठ आहेत माह्ये, पण उदाहरण विचारलं का डोकंच बंद पडते." वडील म्हणे, अजून एखादा क्लास लावून देऊ का?

मी नाही म्हटलं. या शब्दांना अंतच नाही हो, 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी डिक्शनरीतून माणसाचं वागणं-स्वभाव सांगणारे शब्द वेचले तर जवळपास 18 हजार निघाले, त्यातले टिकाऊ स्वभावाचेच साधारण 4,500. किती पाठ करणार?

मग तिला विचारलं, कापूस वेचणीच्या दिवसात घरी तू काय करतेस. तेव्हा जी बोलायला लागली ती थांबेचना. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन येतात, काट्यावर ही उभी राहते, प्रत्येकीचे किलो लिहिते, आठवड्याचा हिशोब करते, एकदा एका काकूचे चार किलो लिहायचे राहिले तर रात्रीच तिच्या घरी जाऊन पैसे देऊन आली. वडील मधेच म्हणाले, "बायाच म्हणतात, काट्यावर पोरगीच पाहजे." मी म्हटलं अगं हेच रिलायबल, हेच फेअर, आणि हे तुझ्याकडून कोणी हिसकावू शकत नाही.

मग ज्या शब्दापुढं स्वतःचा प्रसंग सांगता आला तेवढेच ठेवले, तीनच निघाले. प्रसंग आधी वऱ्हाडीत सांगायचा, मग सोप्या इंग्लिशमध्ये, 'आय कीप द वेज रेकॉर्ड्स ऑफ अवर कॉटन पिकर्स', एवढं पुरतं. सेन्सिबलच्या जागी ती सेन्सिटिव्ह म्हणायची, ते तेवढं सुधारून घेतलं, एक म्हणजे समजूतदार आणि दुसरं म्हणजे हळवं, पॅनेलसमोर भलताच अर्थ जातो.

वडिलांची काळजी वेगळीच होती, कोणीतरी तिला इंट्रोव्हर्ट म्हटलेलं आणि त्यांना तो आजारच वाटत होता. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं 1921 मध्ये हे अंतर्मुख-बहिर्मुख मांडलं ते स्वभावाचा कल म्हणून, त्यात दोष काही नाही, बहुतेक माणसं दोन टोकांच्या मधेच कुठंतरी असतात. अबोल पोरगीही तयारीनं छान मुलाखत देते, हे मी पाहिलंय आणि अगदी मनापासून सांगते.

कमजोरी विचारली की सगळेच परफेक्शनिस्ट म्हणतात, तेही तिला नको म्हटलं. तिनं खरं सांगायचं ठरवलं, की मदत मागायला मी उशीर करते आणि आता अडलं की त्याच दिवशी विचारते. पुढच्या मुलाखतीत पॅनेलनं कापसाच्या हिशोबावरच तिला बराच वेळ विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं, निकाल अजून यायचाय.