ताट लहान करू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. दोन महिन्यांपासून मी सगळं निम्मं केलंय. सकाळी वाटीभर पोहे, दुपारी दोन फुलके नि थोडी भाजी, रात्री एक फुलका. भात बंद, बटाटा बंद. पण पाचला शाळेतून घरी आले की हातपाय गळतात आणि ओट्याशी उभ्याउभ्या शेवेचा डबा उघडला जातो. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. घरचे म्हणतात, तुझा जिभेवर ताबा नाही. पोट भरेल पण वजन वाढणार नाही असं काय खावं? शिवाय चातुर्मासातले उपास आहेतच.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जिभेवर ताबा नाही, हे आधी मनातून काढून टाका. सकाळपासून अर्धपोटी वर्गात उभी राहिलेली बाई पाच वाजता डबा उघडणारच. तुम्ही भाजी, वरण, भात कमी केलात, म्हणजे नेमकं पोट भरणारंच कमी केलंत. शेव मात्र तशीच राहिली.

पोट भरल्याची जाणीव बरीचशी अन्नाच्या आकारमानावर ठरते. जठर ताणलं गेलं की मज्जातंतू मेंदूला कळवतात. पाणी आणि चोथा असलेलं अन्न जागा व्यापतं. प्रथिनं असली की भूक उशिरा लागते. तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पिठाच्या किंवा प्रथिनांच्या ग्रॅममध्ये ४, आणि पाण्यात शून्य.

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर लवंगेची शेव तोलली. माझ्या एका मुठीत ३० ग्रॅम आली. म्हणजे साधारण १६५ कॅलरी, चार घासांत संपणाऱ्या. तेवढ्याच कॅलरींची काकडी घ्यायची तर किलोभराहून जास्त लागेल, आणि ती एका बैठकीत कुणालाच संपवता येणार नाही. नुसती काकडी खाऊन राहा असं मी म्हणत नाही. जेवणात काकडीसारखं किती आणि शेवेसारखं किती, एवढं पाहा.

पोह्यांपासून सुरू करू, कारण इंदुरात ते सुटणार नाहीत आणि सोडायचं कारणही नाही. घरी एका माणसाला ८० ग्रॅम कोरडे पोहे, मोठा चमचाभर तेल आणि वरून शेव घातली की सव्वापाचशे कॅलरी होतात. त्याऐवजी पोहे ४० ग्रॅम घ्या, फोडणी लहान चमचाभर तेलाची करा. कोबी, मटार, गाजर, टोमॅटो मिळून पोह्यांइतकेच दिसू द्या. वर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ घाला. उसळ-पोहे तर आपल्या गावचेच! त्यावर जीरावन, म्हणजे आपला जिऱ्याचा चटपटीत मसाला, भुरभुरवा, लिंबू पिळा, आणि शेव लहान चमचाभरच. बशी पहिल्याहून मोठी दिसेल आणि कॅलरी साडेतीनशेच्या आसपास राहतील. आपल्याकडे दुकानात पोहे वाफेवर गरम ठेवतात. घरीही झाकण घालून वाफ दिलीत तर कमी तेलात ते मऊ राहतात.

दुपारी फुलके दोनच असू देत, पण भाजी मोठी वाटीभर हवी : गिलकी, दोडका, दुधी, पडवळ, शक्यतो मुगाची डाळ घालून. सोबत पातळ वरण. वरण पातळ का, तर पाणी वेगळं पिणं आणि अन्नातच असणं यात फरक आहे. १९९९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात बायकांना जेवणाआधी एकाच साहित्याचा पदार्थ दिला : एकदा नुसता, एकदा सोबत पाण्याचा पेला ठेवून, एकदा तेच पाणी घालून सूप करून. सूप घेतल्यावर त्या नंतरच्या जेवणात कमी जेवल्या. नुसत्या पेल्याने तसं झालं नाही. आपलं पातळ वरण, टोमॅटोचं सार, ताकाची कढी ही तीच सोय आहे. जेवायला बसताच आधी वाटीभर सार प्या. वरणासोबत भाताची लहान मूद घेतलीत तरी चालेल.

बटाट्यावर मात्र तुम्ही अन्याय केलात. १९९५ साली सिडनीत ३८ पदार्थ तपासले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा देऊन. कशाने पोट जास्त भरतं, यात उकडलेला बटाटा पहिला आला, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त. तळलेल्या बटाट्याला हे लागू नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला तळलेला गराडू हा कंदही याच कारणासाठी कधीतरीच.

उपासाला खरी अडचण साबुदाण्याची. ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप : पाचशेच्या वर कॅलरी, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. त्याऐवजी भगर करा, आपल्याकडचं मोरधन. ती शिजून फुलते. सोबत पातळ ताक आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर. आमटीत कूट घाला, पण हात राखून.

आता तुमची पाचची वेळ, सगळ्यात महत्त्वाची. घरी पोचेपर्यंत थांबूच नका. चार वाजता शाळेतच मूठभर फुटाणे आणि एक पेरू खा. घरी आल्यावर मोठा वाडगाभर परमल, म्हणजे कुरमुरे : कांदा, टोमॅटो, काकडी बारीक चिरून, जीरावन, लिंबू, तेल नाही. २० ग्रॅम परमलांनी वाडगा भरतो आणि कॅलरी पाऊणशेच. शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवा. रविवारी डाळ-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) असतील तेव्हा बाफला एकच, तुपात न बुडवता वरून चमचाभर तूप घेऊन, आणि डाळ हवी तेवढी.

सध्या चार किलोंचंच बघा. तेवढ्यानेही गुडघ्यांना आराम पडतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी करा. साखर, थायरॉईड वा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी वितळते का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही. मोठा चमचाभर मध म्हणजे साठेक कॅलरी, साखरेसारख्याच. गरम पाणी आवडत असेल तर नुसतं लिंबू पिळून घ्या, आणि मधाच्या जागी एक संत्रं सोलून खा, रस न काढता. कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण संत्र्याने अकरापर्यंत तग धरता येतो.