आजारी ती, आणि औषध आपल्याला?

‘ताई, मुलगी १४ वर्षांची, नववीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोटात दुखतं म्हणते. आठवड्यातून दोन-तीनदा शाळा बुडते, मग मी वर्गाच्या बाईंना फोन करते, मैत्रिणीच्या आईकडून वह्या मागवते. सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. रात्री “मी नापास नाही ना होणार?” असं वीसदा विचारते, मी वीसदा “नाही गं” म्हणते. हे ओरडतात, “नाटकं बंद कर.” समुपदेशक बाई तिच्याशी एकदाच बोलल्या आणि म्हणाल्या, पुढचे काही शनिवार तुम्ही दोघं या, तिला आणू नका. हे म्हणाले, आजारी ती आणि औषध आपल्याला? मला रडूच आलं. आमचंच चुकलं का? पुढच्या वर्षी दहावी आहे.’
— एक आई, नाशिक

तुमच्या यजमानांचा प्रश्न मला आवडला. चिडून विचारलाय, पण नेमका आहे. आणि त्याचं उत्तर आहे, हो. या आजाराचं औषध कधीकधी आईवडिलांनाच द्यावं लागतं.

पण आधी तुमचं रडू. समुपदेशक बाईंनी तुम्हाला आरोपी म्हणून बोलावलेलं नाही. त्या तुमच्या मुलीला भेटून भेटून आठवड्यातून पाऊण तास भेटणार. सकाळी पावणेसातला रिक्षावाले काका खाली हॉर्न देतायत आणि ती पोट धरून बसलीय, तेव्हा तिथे बाई नसतात. तुम्ही असता.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी ‘स्पेस’ नावाची पद्धत बसवलीय. तिच्यात मूल उपचाराला येतच नाही, फक्त पालक येतात. चिंतेच्या आजाराच्या १२४ मुलांवर त्यांनी ती तपासली, वयं ७ ते १४. साधारण निम्म्या मुलांच्या फक्त पालकांना १२ आठवडे शिकवलं, उरलेल्यांत मुलांनाच तितके आठवडे सीबीटी, म्हणजे विचार-वर्तन उपचार दिले. दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारली. तुमच्या बाई हीच पद्धत वापरतात की दुसरी, हे पहिल्याच शनिवारी विचारून घ्या. पण फक्त पालकांना बोलावणं हे काही खूळ नाही.

हे कसं होतं, ते तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या ‘नाही गं’ने तिला दोन मिनिटं बरं वाटतं, मग ती पुन्हा येते. वीस उत्तरांतून ती एकच गोष्ट शिकलीय, की भीती वाटली की ती आईने उतरवायची, आपल्याला ती उतरवता येत नाही. वर्गाच्या बाईंना फोन, मागवलेल्या वह्या, सगळं मायेपोटीच. पण त्यामुळे घरी राहणं रोज थोडं सोपं होतं आणि शाळा रोज थोडी लांब जाते. यजमानांचं ‘नाटकं’ही तितकंच निरुपयोगी, कारण पोट खरंच दुखतं. भीतीने दुखतं, पण दुखतं. एक जण पांघरूण घालतो, दुसरा ओढतो, आणि मधली मुलगी काकडलेलीच राहते. (सासूबाई दृष्ट काढत असतील तर काढू द्या. त्याने बिघडत काही नाही.)

पालकांच्या अशा वर्गात शिकवतात ते ऐकायला फार सोपं असतं. एका वाक्यात दोन गोष्टी सांगायच्या. ‘तुला खूप भीती वाटतेय, हे मला दिसतंय. आणि तेवढी भीती तू सोसू शकतेस, हेही मला माहीत आहे.’ आपल्या घरांत यातला एकच अर्धा भाग बोलला जातो. तुम्ही पहिला बोलता, यजमान दुसरा, तोही ओरडून. मग आपल्या मदतीतली एकच गोष्ट निवडून ती कमी करायची, आणि तिला आधी सांगून. ‘सोमवारपासून नापासाच्या प्रश्नाला मी रात्री एकदाच उत्तर देईन. तू कमकुवत आहेस म्हणून नाही, तुला जमेल म्हणून.’ तिने काय करावं हे नाही सांगायचं, आपण काय करणार एवढंच. ती रडेल, दार आपटेल, ‘तू माझी आई नाहीसच’ म्हणेल. पहिले काही दिवस प्रश्न वाढतीलही. तिथेच आपण ढेपाळतो, म्हणून तर इतके शनिवार लागतात.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दिवाळीनंतरच का? रिक्षात कुणी छेडतं का, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही फिरतंय का, एखादे सर लागट बोलतात का? समोर बसवून नका विचारू. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना विचारा, नजरेला नजर नसते तेव्हा मुलं बोलतात. शाळेत खरंच कुणी छळत असेल तर तिला धीर शिकवून उपयोग नाही, तुम्हाला शाळेत जाऊन भांडावं लागेल.

आणि जगावंसं वाटत नाही असं ती कधी बोलली, हातावर काही खुणा दिसल्या, तर शनिवारची वाट बघू नका. थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

‘ही श्रीमंतांची फॅडं’ असंही यजमान म्हणतील कदाचित. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतातल्या गरीब वस्त्यांत ५५२ कुटुंबांना घेऊन पालकांसाठीच्या एका वर्गाची चाचणी झाली. वर्गाला पालक आणि किशोरवयीन मुलं दोघंही येत, एकूण १४ बैठका. मुलांना होणारी मारहाण कमी झाली, आणि सांभाळणाऱ्या मोठ्यांची स्वतःची उदासीही. हे दुसरं तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही.

यजमान नाहीच आले तर एकट्या जा. फक्त घरी येऊन त्यांना व्याख्यान देऊ नका. एवढंच मागा, की सोमवारी रात्री ती दुसऱ्यांदा विचारायला येईल आणि तुम्ही गप्प राहाल, तेव्हा त्यांनी ओरडायचं नाही. टीव्ही बंद करून शेजारी बसायचं, बस्स.

— तुमची ताई