भाजलेल्या-तळलेल्या अन्नातली एजीई आणि मधुमेह

तुमचा प्रश्न असा आहे की चिकन-अंड्यात पिष्ट जवळजवळ नसतंच, मग मधुमेहात ते उकडून खा, तळू नका असं का सांगतात? तळलेल्या चिकनमुळे ग्लुकोमीटरचा आकडा लगेच उसळणार नाही, हे खरं. पण मुद्दा त्या आकड्याच्या पलीकडचा आहे.

साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की पदार्थ तपकिरी होतो, खमंग वास सुटतो. ही मेयार अभिक्रिया. लुई कामी मेयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्यातूनच पुढे एजीई (अॅडव्हान्स्ड ग्लायकेशन एंड प्रॉडक्ट्स) नावाची संयुगं तयार होतात. अशीच अभिक्रिया शरीरातही संथपणे चालू असते. मधुमेहाच्या तपासणीत मोजतात ते एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोजच. शुगर जितका काळ चढलेली, तितकी एजीई जास्त. म्हणजे मधुमेहात ही संयुगं आधीच शरीरात साचत असतात, ताटातली त्यात भर घालतात.

एजीई पेशींवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) जोडली गेली की दाह वाढतो, आणि रक्तवाहिन्यांमधलं कोलॅजेन हे आधार देणारं प्रथिन एकमेकांत गुंतून त्या ताठर होतात. पोटात गेलेल्यांपैकी साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. तो बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम मंदावलं की साचणारं टाकाऊ द्रव्य) वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल, तर हा विषय जास्त मनावर घ्या. मात्र केवळ एजीई कमी करून एचबीए१सी खाली येईल अशी आशा धरू नका. काही चाचण्यांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध कमी झाला, काहींत फरकच पडला नाही. औषधं आणि पिष्टाचं प्रमाण आधी, हे नंतर.

आता स्वयंपाकाचं. पाणी असेपर्यंत पदार्थ १०० अंशांच्या आसपासच राहतो; पृष्ठभाग कोरडा पडून १४० च्या वर गेला की तपकिरीपणा झपाट्याने येतो. २०१० च्या एका तक्त्यात १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमध्ये सुमारे १,१०० किलोयुनिट एजीई आहेत, तर भरपूर तेलात तळलेल्यात ९,७००. मोजण्याची पद्धत बदलली की आकडे बदलतात, तेव्हा आकडे पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा.

चिकनला शिजवण्याआधी तासभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ठेवा. आम्लामुळे प्रथिनांचे अमिनो गट साखरेशी सहज जुळत नाहीत. त्यात मध किंवा गोड सॉस घातला तर मात्र उलटंच होतं, पृष्ठभाग लवकर करपतो. मग थोडं पाणी घालून, झाकण ठेवून शिजवा. आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत जायलाच हवं. चवीसाठी शेवटी मिनिटभर गरम तव्यावर परता, काळा पडलेला भाग कापून टाका. एअर फ्रायरने तेल वाचतं, पण आत कोरडी गरम हवाच असते, त्यामुळे एजीईच्या बाबतीत तो उकडण्याच्या जवळपासही येत नाही.

बटाट्याची गोष्ट वेगळी. तळताना त्यात कर्करोगाला कारणीभूत असल्याचा संशय असलेलं अॅक्रिलामाइड तयार होतं. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातली साखर वाढते आणि ते आणखी जास्त बनतं. पण म्हणून उकडलेला बटाटा पोटभर खायला मोकळीक नाही. त्यात एजीई कमी, पण तो शुगर भराभर चढवतो, आणि कुस्करला की आणखी भराभर. पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत एजीईचा विचार बाजूला ठेवून प्रमाण मोजा, आणि जेवणाआधी व पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर तपासा.