एसेनमधल्या काटर्नबेर्गला राहायला जावं का?

प्रश्न : जर्मनीत ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. शहराच्या उत्तर टोकाला काटर्नबेर्ग भागात खोली स्वस्तात मिळते आहे. पण तो जुना कोळसा खाणीचा भाग आहे, जमीन खचते, वस्ती बरी नाही असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : जमीन खचली हे खरं. वस्ती बरी नाही हे बहुतेक अशा लोकांकडून ऐकलं असणार जे एसेनच्या दक्षिणेला राहतात. खोली घ्या. मी तिथे साडेतीन वर्षं काढली.

आधी जमिनीचं सांगतो, कारण मलाही हीच भीती होती. माझं लहानपण बल्लारपूरला गेलं, त्यामुळे कोळशाच्या गावात राहणं नवीन नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात पोहे करायला घेतले आणि तव्यातलं तेल सगळं एका बाजूला. मोहरी तिकडे तडतडतेय, इकडे तवा कोरडा. वाटलं शेगडी वाकडी आहे, म्हणून पुठ्ठ्याची घडी तिच्या एका पायाखाली सरकवली. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, निवृत्त खाणकामगार. त्यांना सांगितलं तर ते वर आले, खिशातून स्पिरिट लेव्हल काढली (हो, खिशातून) आणि आधी शेगडीवर, मग फरशीवर, मग खिडकीच्या चौकटीवर ठेवून दाखवली. शेगडी सरळच होती. घर कललेलं होतं. "हे १९६० सालीच कललंय, आता नाही हलणार," म्हणाले, आणि कॉफी पिऊन गेले.

तर झालंय असं. शंभर-सव्वाशे वर्षं खालून कोळसा काढला, वरची जमीन हळूहळू खाली बसली. रूर खोऱ्यात, म्हणजे एसेनच्या आसपासच्या कोळसापट्ट्यात, काही ठिकाणी ती वीस मीटरहून जास्त बसली आहे. भिंतींना तडे गेले, दारं अडकायला लागली, गटारांचे उतार उलटे झाले. याला तिकडे 'बेर्गशाडन' म्हणतात, खाणीमुळे झालेलं नुकसान, आणि त्याची भरपाई खाण कंपनीने द्यायची असा कायदा आहे. घर विकत घेणाऱ्याने ही कागदपत्रं डोळ्यांत तेल घालून वाचावीत. तुम्ही भाडेकरू, तुम्हाला पुठ्ठा पुरे. त्या भागातलं खोदकाम केव्हाच थांबलंय आणि जमीन बसायची ती बहुतेक बसून झाली आहे.

थांबली नाही ती एक गोष्ट, पाणी उपसणं. जमीन इतकी खाली गेली की पंप बंद केले तर रूर भागाचा जवळपास पाचवा हिस्सा पाण्याखाली जाईल. खोल खाणींतलं दूषित पाणीही पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून सतत उपसावं लागतं. या कामाला त्यांनी नाव दिलंय 'एविगकाइट्सआउफगाबन', म्हणजे अनंतकाळाची कामं. सरकारी भाषेत इतका प्रामाणिक शब्द मी दुसरा पाहिला नाही. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण शेजारच्या बोट्रोपमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाणींतल्या पाण्याच्या उपशाचा खर्च तेव्हापासून खास त्यासाठी उभारलेली संस्था करते.

तुमची ट्राम १०७ नंबरची. मुख्य स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटांत 'त्सोलफेराइन' स्टॉप येतो आणि डोळ्यासमोर त्याच नावाच्या बंद खाणीचा ५५ मीटर उंच दुहेरी लोखंडी मनोरा. १८४७ साली फ्रान्त्स हानिएल नावाच्या उद्योगपतीने ही खाण सुरू केली. नाव ठेवलं ते तेव्हाच्या जर्मन जकात-संघावरून, म्हणजे एखाद्याने खाणीला 'जीएसटी' नाव ठेवावं तसं. हा मनोरा असलेला बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत जाणारी उभी विहीर, १९३२ चा. शुप आणि क्रेमर या वास्तुविशारदांनी लाल विटा आणि लोखंडी सांगाड्याच्या अशा नेटक्या इमारती बांधल्या की लोक याला जगातली सगळ्यात सुंदर खाण म्हणतात. रोज १२,००० टन कोळसा इथून निघायचा. २३ डिसेंबर १९८६ ला बंद पडली, कोकभट्ट्या १९९३ ला, आणि २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे. तिथे वर जायचा लांबलचक सरकता जिना आतून नारिंगी उजळलेला असतो. एकदा तरी संध्याकाळी जा.

पण आजोबांनी सांगितलेली गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही. ज्या मनोऱ्यासमोर सगळे सेल्फी काढतात, त्याच्याखालून कामगार उतरायचेच नाहीत. तिथून फक्त कोळसा वर यायचा. माणसं बाजूच्या जुन्या शाफ्टमधून खाली जायची. त्यांची आंघोळीची मोठी इमारत, 'काउए', थोडी आत आहे. तिथे कपडे साखळीला अडकवून छतापर्यंत ओढून ठेवायचे, म्हणजे वर सुकतातही आणि चोरीलाही जात नाहीत. आज त्याच पांढऱ्या टाइल्सच्या इमारतीत नृत्याचे प्रयोग होतात. आजोबा एकदाच बघायला गेले. "पंचवीस वर्षं मी इथे उघडा उभा राहिलो, कोणी तिकीट काढलं नाही," एवढंच म्हणाले. त्यांच्या मनगटावर आणि कपाळावर निळे बारीक डाग होते. मी आधी गोंदण समजलो होतो. जखमेत कोळशाची भुकटी राहून वरून कातडी आली की असे डाग कायमचे राहतात.

वस्तीबद्दल. शहराला आडवा कापणारा ए-४० महामार्ग आहे. त्याच्या दक्षिणेला पैसा, उत्तरेला माजी खाणकामगार आणि स्थलांतरित, अशी ढोबळ विभागणी. तिथले लोक याला 'सामाजिक विषुववृत्त' म्हणतात. तुम्ही उत्तरेला. बेरोजगारी जास्त आहे, बाजारातली काही दुकानं बंद दिसतील, रविवारी संध्याकाळी चिटपाखरू नसतं. भीती वाटावी असं मला रात्री अकराच्या ट्राममध्येही काही दिसलं नाही. जिना झाडायची पाळी चुकवलीत तर मात्र बोलणी बसतील.

खाण्यापिण्याचं तर सुख आहे. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून माणसं खाणीत कामाला आली, त्यांची नातवंडं आता किराणा दुकानं चालवतात. कोथिंबिरीच्या अशा जाड जुड्या मिळतात की दक्षिणेकडे राहणारे आपले मित्र पिशव्या घेऊन आमच्याकडे यायचे. दुकानात शिरताना काही म्हातारे अजून 'ग्ल्युक आउफ' म्हणतात, खाणीत उतरतानाचा राम राम. तुम्हीही म्हणा, अंडी विकणारी बाई पुढच्या वेळी ओळख ठेवते.

सायकल घेतलीत तर उत्तरेला एम्शर नदीपर्यंत जा. खचणाऱ्या जमिनीत भूमिगत गटारं टिकत नव्हती, म्हणून शंभर वर्षं सगळ्या भागाचा मैला या नदीतून, सिमेंटच्या उघड्या पाटातून वाहायचा. १९९२ पासून सुमारे चारशे किलोमीटर गटारं जमिनीखाली घातली आणि २०२१ अखेर नदीत मैला सोडणं थांबलं. मी गेलो तेव्हा काठावर एक बगळा उभा होता आणि आजोबांना त्याचा फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला, नक्की एम्शरच का म्हणून.

खोली बघायला जाल तेव्हा तळघरात डोकावून ओल आहे का बघा, आणि सगळी दारं-खिडक्या एकदा उघडून बंद करा. हिवाळ्यात न लागणारी खिडकी आली तर हीटिंगचं बिल स्वस्त भाडं खाऊन टाकतं. माझ्या घरमालकाने ती दुरुस्त करायला फेब्रुवारी उजाडवला होता.