सोलापुरात आमचा बायकांचा छोटा वाचनगट आहे. स्त्रीवादी विज्ञानकथा वाचायच्या तर सुरुवात कुठून करावी?

बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम'पासून करा. १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात आलेली ही कथा एका बैठकीत वाचून होते. आमच्या सोलापूरच्या गटात मीही हीच आधी घेतली होती. त्यात पुरुष मर्दान्यात (घरातल्या पुरुषांच्या भागात) कोंडलेले आणि कारभार बायकांकडे. बायकांचं एक विद्यापीठ फुग्यातून ढगांतलं पाणी खाली आणतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवतं. त्याच उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि शत्रूचं सैन्यही पळतं. (मे महिन्यात आपल्याकडे वाचली तर हे भलतंच पटतं!) पुरुष या शोधांना 'भावुक दुःस्वप्न' म्हणून हसतात, ती जागा मोठ्याने वाचा, चर्चा आपोआप पेटते. मात्र यात समता शोधू नका, पडदा फक्त उलटा केलाय, उपहासासाठी. बाई-पुरुष हा भेदच नसेल तर काय, असा प्रश्न हवा असेल तर पुढे अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची १९६९ची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घ्या. ती सावकाश वाचायची कादंबरी आहे, दोन-तीन बैठका धरून चला.