वाचकांचे प्रश्न : सिगार ‘प्रीमियम’ कशामुळे ठरतो?

प्रश्न : पणजीच्या दुकानात स्वस्त सिगारच्या पाकिटावरही ‘प्रीमियम’ छापलेलं दिसतं आणि त्याच्या दहापट महाग सिगारच्या पेटीवरही. हा शब्द किमतीला लावायचा, देशाला की कंपनीला? — एक वाचक, पर्वरी

उत्तर : यांपैकी कशालाच नाही. हा शब्द पानाला आणि हाताला लावायचा. या धंद्यातली जी समजूत आहे ती बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या एका खटल्यात शब्दांत उतरली. २०२३ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांतून प्रीमियम सिगार वगळले, तेव्हा धरलेली व्याख्या अशी होती : वरचं आवरण अखंड तंबाखूच्या पानाचं हवं. त्याखालचं बांधणीचं पान शंभर टक्के तंबाखूचंच हवं, लगद्यापासून केलेला कागदासारखा पत्रा चालणार नाही. आतल्या भरणात निम्म्याहून कमी नाही इतकी लांब, न चिरलेली पानं हवीत. वळणं हाताचं, कात्रीसारखी साधी हत्यारं तेवढी चालतील. फिल्टर नाही, लाकडी किंवा प्लॅस्टिकची नळी नाही, व्हॅनिला-चेरीचा वास नाही. तंबाखू, पाणी आणि वनस्पतीजन्य डिंक यांपलीकडे काही नाही. आणि हजार सिगारचं वजन सहा पौंडांहून जास्त, म्हणजे एकाचं साधारण २.७ ग्रॅमच्या वर. ही शेवटची अट छोटे सिगार गाळण्यापुरती आहे. चांगला रोबुस्टो, म्हणजे आखूड-जाड आकाराचा सिगार, दहा-बारा ग्रॅमचा सहज असतो.

यात क्युबाचं नाव कुठेच नाही, हे ध्यानात घ्या. निकाराग्वातलं एस्तेली, होंडुरासमधलं दानली आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक इथे उत्तम सिगार वळले जातात. क्युबाच्या पिनार देल रियोमधल्या वुएल्ता आबाहो भागाचा लौकिक खराच आहे, पण तिथलाही वाईट वळलेला सिगार वाईटच ओढला जातो.

लांब पानांचा एवढा आग्रह का? चुरा भराभर आणि तापून जळतो. मग धूर कडवट होतो आणि तुकडे तोंडात येतात. लांब पान या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असल्यामुळे जळणं संथ राहतं आणि राख इंच-दीड इंच टिकते. क्युबन पद्धतीत भरणातली पानंही झाडावरच्या जागेनुसार वेगळी केलेली असतात. खालचं वोलादो नीट जळतं, मधलं सेको सुगंध देतं, वरचं लिगेरो कडक असतं आणि सावकाश जळतं. म्हणून लिगेरो नेमकं मध्यभागी ठेवावं लागतं. ते एका कडेला सरकलं तर दुसरी कड पुढे जळत जाते आणि सिगार होडीसारखा खचतो. हे सगळं वळणाऱ्याच्या बोटांत असतं, किमतीच्या चिठ्ठीवर नसतं.

हाताइतकंच महत्त्व आंबवण्याला आहे. वाळलेली पानं ओलसर करून त्यांचे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, ठरावीक मर्यादेला पोचला की मोडून उलटापालटा करतात. या काळात पानातला अमोनिया निघून जातो. ज्याने घाई केली त्याचा सिगार पेटवण्याआधीच ओळखता येतो : पेटवायच्या टोकाला नाक लावा, गोठ्यातल्या मुतारीसारखा झणका आला तर पान कच्चं आहे. असा सिगार घशाला ओरखडतो आणि जिभेला चुरचुरतो.

दुकानात एवढंच करा. दुकानदाराला विचारून सिगार दोन बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जा. मध्येच मऊ खड्डा लागला तर भरण कमी आहे, गाठ लागली तर ओढताना कोंडणार. पेटवायच्या टोकाकडून आत पाहा : दुमडलेल्या पानांच्या घड्या दिसल्या पाहिजेत, भुसा नव्हे. वरच्या पानाच्या शिरा बारीक असाव्यात, कुठे भेग नसावी, आणि तोंडाकडची टोपी गोल, चिकटून बसलेली असावी.

प्रश्न : किनाऱ्यावर एका विक्रेत्याने काचेच्या झाकणाच्या लाकडी पेटीत पंचवीस ‘कोहिबा’ (क्युबाचे नामांकित सिगार) दाखवले, भाव दुकानाच्या पाव. घ्यावेत का? — एक वाचक, कळंगुट

उत्तर : घेऊ नका. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा कारखान्यातून कधी बाहेर पडतच नाहीत. एवढी एक खूण पुरे. तरी आणखी सांगतो. अस्सल क्युबन पेटीच्या तळाला डाग देऊन उमटवलेली ‘हेचो एन कुबा’ आणि ‘तोतालमेंते आ मानो’ ही अक्षरं असतात, म्हणजे क्युबात बनवलेला आणि पूर्णपणे हाताचा. ती लाकडात रुतलेली असतात, बोटाला लागतात, छापलेली नसतात. शेजारी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष शाईच्या शिक्क्याने असतं. पेटीवर क्युबन सरकारची हमीची पट्टी असते.

शिवाय भारतात रीतसर आलेल्या पेटीवर पुढे आणि मागे ८५ टक्के जागा व्यापणारा चित्रमय इशारा आणि आयातदाराचा तपशील असायलाच हवा. नसेल तर माल अस्सल असला तरी मागच्या दाराने आलेला आहे, आणि वाटेत तो किती दिवस कुठल्या उन्हात पडून होता याची जबाबदारी घेणारा कोणी नाही. नकली मालात बहुधा चुरा भरलेला असतो. शंका असेल तर एक सिगार पात्याने उभा चिरून पाहा, लगेच कळेल.

प्रश्न : मृगात घेतलेल्या महागड्या सिगारांवर चवथीपर्यंत पांढुरकी बुरशी आली, दोन सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोकंही पडली. लाकडी ह्युमिडोर (सिगारसाठी ओलावा राखणारी पेटी) आहे, त्यातला स्पंज मी न चुकता भिजवतो. चूक कुठे झाली? — एक वाचक, फोंडा

उत्तर : स्पंज भिजवण्यातच. ह्युमिडोरची बहुतेक पुस्तकी माहिती थंड, कोरड्या देशांसाठी लिहिलेली असते. तिथे हवेत पाणी घालावं लागतं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते काढावं लागतं. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे पावसाळ्यात घरातली हवा सहज ८५ टक्क्यांच्या वर असते आणि तापमान २७-२८ अंश. अशा उष्णतेत आर्द्रता ७० ऐवजी ६२ ते ६५ वर ठेवणंच शहाणपणाचं.

लाकडी पेटी कितीही सुबक असली तरी श्वास घेते. जुलैत तिच्या फटींतून ओल शिरते आणि आत ठेवलेलं आर्द्रता राखणारं पाकीट काही आठवड्यांतच पाणी पिऊन फुगतं. म्हणून पावसाळ्यात सिगार घट्ट झाकणाच्या, रबरी कडेच्या खाद्यपदार्थांच्या डब्यात हलवा. डबा नवा हवा, मसाल्याचा जुना नको. पंचवीस सिगारांना ६० ग्रॅमचं, ६५ टक्क्यांचं, दोन्हीकडून काम करणारं एक पाकीट पुरतं. ते ओल देतंही आणि शोषतंही. डबा एसी चालणाऱ्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवा आणि उगाच उघडू नका. फ्रीजमध्ये कायमचा ठेवू नका : झाकणात जरा फट राहिली की सिगार वाळतो आणि सुंगटांचा वास धरतो.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. बुच आणि मापक एका घट्ट पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा, जितका फरक तितकी दुरुस्ती. यासाठी शुद्ध केलेलं बारीक मीठच घ्या. आपल्या मिठागरांतल्या जाड मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते आकडा खाली ओढतात.

भोकं पाडली ती तंबाखूच्या किड्याने. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा असतो. अंडी पानातूनच येतात आणि हवा उबदार राहिली की फुटतात, म्हणजे गोव्यात जवळजवळ बाराही महिने धोका. भोक पडलेले सिगार फेकून द्या. बाकीचे दुहेरी घट्ट पिशवीत घालून हवा काढा. एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि शेवटी पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थेट फ्रीजरमध्ये टाकले किंवा थेट बाहेर काढले तर वरचं पान तडकतं. मध्येच बराच वेळ वीज गेली तर तीन दिवस नव्याने मोजा, अर्धवट गारठ्याने अंडी मरत नाहीत.

बुरशीचं म्हणाल तर फक्त वरच्या पानावर असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि तो सिगार महिनाभर वेगळा ठेवा. पेटवायच्या टोकात शिरली असेल तर टाकून द्या. पांढऱ्या थराला ‘प्लूम’ म्हणून जुनेपणाची खूण सांगणारे भेटतील. भिंगाखाली तंतू दिसले तर ती बुरशीच. आपल्या हवेत ती बुरशीच धरून चाला.

एक लाकडाविषयी. सुताराकडून पेटी करून घेताना ‘सीडर’ म्हणजे देवदार असं समजू नका. सिगारच्या पेट्यांचं स्पॅनिश सीडर हे महॉगनीच्या कुळातलं झाड आहे. देवदाराचा राळेचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो आणि पुढे जात नाही.

प्रश्न : काळपट सिगार जास्त कडक असतो ना? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. कडकपणा मुख्यतः आतल्या लिगेरोवर ठरतो. काळपट माडुरो पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं, म्हणून उलट किंचित गोडसर लागतं. फिकट पानाखालीही डोकं गरगरवणारा भरणा असू शकतो.

प्रश्न : धूर छातीत घेत नाही, आणि सिगारही चांगल्यातला, मग अपाय कमी ना? — एक वाचक, मडगाव

उत्तर : प्रीमियम हा शब्द चवीपुरता आहे, आरोग्याशी त्याचा काही संबंध नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमधली तंबाखू सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी असू शकते. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. शुद्ध पान आणि हाताने वळणं यांनी तो तसूभरही कमी होत नाही. रोजची सवय असेल तर महाग सिगार हा स्वस्त सिगारेटवरचा उपाय नव्हे.

प्रश्न : पाहुण्यांना बाल्कावात (घरापुढच्या ओट्यावर) बसून सिगारसोबत काजू फेणी द्यायची आहे. जुळेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी एक सांगणं भाग आहे : दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, त्याहून अधिक वाढतो. तरी द्यायचीच असेल तर फेणीच्या वासापुढे कनेक्टिकट नावाच्या फिकट पानाचं आवरण असलेला सौम्य सिगार हरवून जातो. निकाराग्वाचा मध्यम-कडक सिगार टिकाव धरेल.

खरी अडचण फेणीची नाही, बाल्कावाची आहे. एसीच्या कोरड्या खोलीत उघडा पडलेला सिगार तसाच दमट ओट्यावर आणून पेटवला तर वरचं पान ओल ओढून फुगतं, आतून उष्णता लागते आणि पान उभं फाटतं. तेव्हा सिगार डब्यातून ऐनवेळीच काढा. टोपी दीड-दोन मिलिमीटरच कापा, टोपीचा बाक संपतो त्या खांद्याच्या खाली गेलात तर सगळं आवरण सुटतं. ज्योत टोकाला भिडवू नका, जरा अंतरावर धरून फिरवत कड आधी शेका, मग ओढा. ब्यूटेनचा लायटर किंवा लांब काडी वापरा. काडीचा गंधक जळून जाईपर्यंत थांबा. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर नको, पहिल्या झुरक्यातच त्यांचा वास येतो. मिनिटाला एक झुरका पुरे. सिगार विझला तर राख झाडून, एकदा आतून हलकेच फुंकून पुन्हा पेटवा.