नंबर एका गाडीचा, इंजिन दुसरीचे

आपल्या पत्राचा गोषवारा असा. तीन वर्षांपूर्वी आपण ३५० सीसीची एक जुनी मोटरसायकल साध्या कागदावरच्या पावतीवर विकत घेतली. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिले. घराच्या वर्कशॉपमध्ये दीड वर्ष राबून आपण तिची मागची चेसिस, म्हणजे सांगाडा, ग्राइंडरने कापून आखूड केली, पुढचा फोर्क लांबवला, दोघांच्या सीटऐवजी एकाची सीट बसवली, सायलेन्सर स्वतः वाकवून तयार केला आणि भंगारातून आणलेले ५०० सीसीचे इंजिन चढवले. रस्त्यावरच्या तपासणीत ही गाडी अडवली गेली आणि नोंदणी निलंबित का करू नये, अशी विचारणा करणारी नोटीस थेट मूळ मालकाच्या घरी पोहोचली. ते अर्थातच संतापले आहेत. गाडीची आपल्या नावावर नवी गाडी म्हणून नोंदणी होईल का, नव्या इंजिनवर जुना नंबर पंच करून घ्यावा या मेकॅनिकच्या सल्ल्याचे काय करावे, आणि चांगली रक्कम देऊ करणाऱ्या ग्राहकाला गाडी विकता येईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मेकॅनिकच्या सल्ल्याचे आधी सांगतो, कारण तो आपण उद्याच अमलात आणाल अशी मला भीती वाटते. नंबर पंच करू नका, घासू नका, त्यावर वेल्डिंगचा टाकाही पडू देऊ नका. आजवर आपण जे केले ते मोटार वाहन कायद्याखालचे उल्लंघन आहे. परंतु एका इंजिनचा नंबर दुसऱ्यावर उमटवून ती गाडी सरकारी कार्यालयापुढे उभी केली, की तोच विषय बनावटीकरण आणि फसवणूक या सदरात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कक्षेत जातो. शिवाय बदललेला नंबर दिसला, की तपास अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती चोरीच्या गाडीची, आणि भंगारातल्या त्या इंजिनचे बिल आपल्याकडे नसल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे. ते बिल, निदान विक्रेत्याची सहीची पावती, आता मिळत असेल तर आधी मिळवा. मागची तारीख टाकून मात्र घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ असे सांगते, की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. बदल म्हणजे काय, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे: वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. केरळ उच्च न्यायालयाने या कलमाचा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो फिरवला आणि राज्याचे नियम काहीही सांगोत, कायद्याचे कलमच वरचढ राहील, असे स्पष्ट केले. किरकोळ जोडकाम किंवा रंग यांना त्या निकालाने हात लावलेला नाही, मात्र रंग ही आरसीवरची नोंद असल्याने तो बदलल्यास नोंदणी कार्यालयाला कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. आपल्या गाडीत इंजिनचा क्रमांक, घनक्षमता आणि आसनसंख्या या आरसीवरच्या नोंदी सरळ चुकतात, आणि कापलेली चेसिस ही रचनाच आहे. तिथे युक्तिवादाला फारशी जागा उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या पोटकलम ४ नुसार अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचावेत.

इथे एक बारकावा आहे, जो हौशी मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. ‘मी गाडी रस्त्यावर नेणारच नाही, मग कायद्याचा संबंध काय?’ असे मला नेहमी विचारले जाते. नोंदणीशिवाय वाहन चालवण्याची मनाई, म्हणजे कलम ३९, सार्वजनिक जागेबरोबरच इतर कोणत्याही जागेला लागू आहे, पण ती चालवण्यावर आहे, नुसते ठेवण्यावर नाही. म्हणून सुट्या भागांपासून जोडलेली, कधीच नोंदणी न झालेली मोटरसायकल घराच्या शेडमध्ये उभी असेल, तर त्या कलमाचा भंग होत नाही. कलम ५२ ला मात्र गाडी चालवण्याचीही अट नाही. नोंदणी असलेल्या गाडीला ग्राइंडर लावला, की ती अंगणाबाहेर पडो न पडो, उल्लंघन झालेले असते. आपण कोऱ्या चौकटीवर काम केले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ बहुधा आली नसती.

मग ती नवी गाडी म्हणून का नोंदवता येत नाही? नव्या वाहनाच्या अर्जासोबत विक्रीचा दाखला, म्हणजे नमुना २१, आणि प्रदूषण व सुरक्षा मानके पाळल्याचा उत्पादकाचा दाखला, म्हणजे नमुना २२, लागतो. हा दुसरा दाखला देण्यापूर्वी उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार आपला नमुना एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ या प्रदूषण मानकाची मर्यादाही पाळावी लागते. जुन्या इंजिनची, घरी बनवलेल्या सायलेन्सरची एकच गाडी या वाटेने जाणे मला व्यवहारात अशक्य दिसते. (आपल्या छायाचित्रांत मागच्या चाकावरचे संरक्षक जाळे आणि पाठीमागे बसणाऱ्याची पकड, दोन्ही काढलेली दिसतात. नियम १२३ दोन्ही मागतो. गाडी देखणी झाली आहे, हे मान्य करूनच सांगतो.) इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा कलम ५२ च्या परंतुकात आहे, पण तिचा आपल्या कामाशी संबंध नाही.

नोटिशीकडे वळू. ती मूळ मालकांना गेली हे चुकीचे नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तेच मालक आहेत. गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच नुकसानभरपाईसाठी मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. या तीन वर्षांत आपल्या हातून अपघात झाला असता, तर दावा त्या गृहस्थांवरही लागला असता आणि विमा कंपनीने गाडीतले बदल पुढे करून हात झटकण्याचा प्रयत्न केला असता. त्यांच्या रागाला आपण नम्रपणे सामोरे जावे, कारण यापुढे त्यांच्या सहीवाचून आपले पान हलणार नाही.

नोटिशीत दिलेल्या मुदतीत त्यांच्या सहीने लेखी उत्तर जावे. त्यात विक्रीची तारीख, पावतीची प्रत आणि झालेले बदल खरेखुरे नमूद करावेत, आणि वाहन मूळ स्वरूपात आणून तपासणीसाठी हजर करण्यास ठरावीक अवधी मागावा. जुने इंजिन आपण जपून ठेवले आहे, हे आपले नशीब. फोर्क, सीट, सायलेन्सर परत बसवणे सोपे आहे. अडचण चेसिसची आहे. कापलेला भाग घरी जोडू नका. उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडून काम करून घेण्याची किंवा चेसिस बदलण्याची लेखी परवानगी आधी नोंदणी कार्यालयाकडून घ्यावी आणि मगच हत्याराला हात लावावा. उत्तर न देता बसलात तर कलम ५३ खाली निलंबन होईल, आणि ते सहा महिने अखंड टिकले तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कार्यालयाला मिळतो. प्रतिकूल आदेश आलाच, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते. तपासणी पार पडल्यावर मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. हे काम आपण तीन वर्षांपूर्वीच करायचे होते.

गाडी आहे तशीच ठेवायची असेल, तर ती वापरास कायमची अयोग्य झाल्याचे खरे कारण देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी आणि ती फक्त प्रदर्शनात किंवा बंदिस्त खासगी जागेत ठेवावी. झालेल्या बदलांचा दंड त्यामुळे आपोआप टळत नाही. आपले मन या पर्यायाकडे झुकते आहे असे पत्रावरून वाटते, पण त्यासाठीही मूळ मालकांची सही लागेल आणि नोटिशीचे उत्तर आधी द्यावेच लागेल.

विक्रीच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आपण नोंदणीकृत मालक नाही, गाडीची ओळख वादात आहे, आणि हे दडवून पैसे घेतले तर घेणारा उद्या आपल्यावरच फसवणुकीची तक्रार करील. त्याने आगाऊ रक्कम दिली असेल तर ती बँकेतून परत करावी आणि त्याची पोच जपावी. तोवर गाडी शेडमध्येच उभी राहू द्या, आणि चेसिसवरच्या नंबराची स्पष्ट, तारखेसह छायाचित्रे आजच काढून ठेवा.